भाऊ फोनवर बोलता बोलता झोपतो

सांगलीहून एका मुलीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालीये म्हणून छापत नाही. पत्र चार पानी आहे, मी थोडक्यात टाकते.

"ताई, माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. पुण्यात जपानी शिकला, एन-टू ही जपानी भाषेची वरच्या पातळीची परीक्षा पास झाला आणि दोन वर्षांपूर्वी टोकियोच्या एका आयटी कंपनीत लागला. सुरुवातीला मस्त होता, साकुराचे फोटो काय, फुजीचे फोटो काय. आता त्याचा फोन येतो आपल्या रात्री नऊला, म्हणजे तिकडे साडेबारा, आणि तेव्हा तो स्टेशनवरून रूमवर चालत असतो. महिन्यातले सगळे शनिवार ऑफिस. व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता झोपतो. वजन उतरलंय. काही विचारलं की म्हणतो 'इथे सगळेच करतात गं'. गणपतीला येणार होता, आला नाही. बाबा म्हणतात या वयात नाही राबायचं तर कधी. त्याच्याच भरवशावर आम्ही फ्लॅट घेतलाय, हप्ता तोच भरतो. परवा नेटवर करोशी हा शब्द वाचला आणि तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. मी उगाच घाबरतेय का? परत ये म्हणू का त्याला? आणि म्हटलं नि माझ्यामुळे त्याचं करिअर बुडालं तर?"

अगं, उगाच नाही घाबरत आहेस तू. हे आधी सांगते कारण घरात तुला तसं सांगणारं कोणी दिसत नाही. मी आठ वर्षं तिकडे दुभाषी म्हणून नोकरी केली, आता पुण्यात जपानी शिकवते, माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं आज टोकियो, नागोया, ओसाकाला आहेत, आणि तुझं पत्र वाचताना 'सगळेच करतात' या वाक्यापाशी मी थांबले. हे वाक्य मीसुद्धा माझ्या आईला म्हणायचे.

आधी त्या शब्दाचं बघू, कारण अर्धवट वाचलं की भीती जास्त वाटते. का म्हणजे अति, रो म्हणजे श्रम, शी म्हणजे मृत्यू. अतिश्रमाने मरण, सरळ अर्थ आहे. १९६९ मध्ये एका वृत्तपत्र कंपनीच्या माल पाठवायच्या खात्यातला २९ वर्षांचा कामगार मेंदूच्या झटक्याने गेला, ती पहिली नोंदलेली केस धरतात. तेव्हा याला नावसुद्धा नव्हतं. नाव दिलं १९७०च्या दशकाच्या शेवटी उएहाता तेत्सुनोजो नावाच्या डॉक्टरांनी, त्यांच्याकडे अशा चाळिशी-पन्नाशीच्या आणि त्याहून तरुण माणसांच्या केसेस जमत गेल्या होत्या, की हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक, आणि मागे जाऊन बघावं तर कित्येक महिने न थांबता काम. मग १९८८ मध्ये वकिलांनी मिळून करोशी हॉटलाइन सुरू केली, तिला नावच दिलं करोशी ११०, तिकडे ११० हा पोलिसांचा नंबर आहे. फोन करणाऱ्यांत बायका पुष्कळ असायच्या. म्हणजे तू आज जिथे उभी आहेस ना, फोन हातात घेऊन, घरातल्या माणसाकडे लांबून बघत, तिथे त्या देशातल्या खूप बायका उभ्या राहून गेल्यात.

आणि दुसरं, ते नाजूक आहे पण बोलायला हवं. करोशी फक्त हार्ट नि मेंदूचं नसतं. कामाच्या ताणाने मन आजारी पडतं आणि माणूस स्वतःचा जीव घेतो, त्यालाही तिकडे वेगळा शब्द आहे, करोजिसात्सु, आणि सरकार तेही कामामुळे झालेलं मरण म्हणून मान्य करतं, भरपाई देतं. म्हणजे 'पोरगं मनाने कमकुवत होतं' असं म्हणून कुणाला हात झटकता येऊ नयेत अशी सोय निदान कागदावर तरी आहे.

आता मला तुझ्याकडून एक करून हवंय. कागद-पेन घे. तिकडच्या कामगार खात्याने एक रेषा ठरवलेली आहे, लोक तिला करोशी लाइनच म्हणतात. दुखणं यायच्या आधीच्या एका महिन्यात १०० तास ओव्हरटाइम, किंवा दोन ते सहा महिने सरासरी ८० तास, एवढं झालेलं असेल तर आजाराचा कामाशी दाट संबंध आहे असं धरतात. हे आकडे आले कुठून तर झोपेवरून. रोज चार तास जादा काम केलं की वीस दिवसांचे ८० होतात आणि माणसाला जेमतेम सहा तास झोप उरते. रोज पाच तास केलं की १०० होतात आणि झोप उरते पाच तास. पाच तासांच्या झोपेवर महिनोन्‌महिने काढले की बीपी खाली यायलाच तयार नसतं, हृदयाला आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांना रात्रीची विश्रांतीच मिळत नाही, आणि हे २६ व्या वर्षी पण होतं.

तुझ्या भावाचं मांडून बघ. सकाळी नऊला ऑफिस. रात्री साडेबाराला स्टेशनवरून चालत असतो म्हणजे अकराच्या आसपास निघत असेल. चौदा तास. जेवणाचा एक वजा कर, तेरा. कायद्याचे आठ वजा कर, पाच. पाच गुणिले वीस दिवस, शंभर. आणि चार शनिवार त्यात धरलेलेच नाहीत. मी अंदाजाने मांडलंय, खरे तास त्यालाच माहीत, पण तू पत्रात जे लिहिलंस त्यावरून तो रेषेच्या काठावर नाहीये, तो रेषा ओलांडून पलीकडे गेलाय आणि शनिवार धरले तर बराच पलीकडे. म्हणून म्हणते उगाच नाही घाबरत आहेस. बाबांशी वाद घालताना 'मला भीती वाटते' म्हणू नकोस, हा कागद समोर ठेव.

'सगळेच करतात' हे खरंय का, तर अर्धं खरंय. बॉस बसलाय तोवर उठायचं नाही, बाकीचे काम करत असताना आपण निघालो तर त्यांच्यावर भार पडतो, त्याला ते मेइवाकु म्हणतात, दुसऱ्याला आपला त्रास, आणि तो होऊ नये म्हणून माणसं स्वतःला किती पिळून घेतात हे मी रोज बघितलंय. त्यात साबिसु झान्ग्यो म्हणून प्रकार असतो, म्हणजे ओव्हरटाइम करायचा पण कागदावर लिहायचा नाही. तुझा भाऊ परदेशी, सगळ्यात नवीन, भाषा चांगली पण त्यांच्यासारखी नाही, म्हणजे तो तर दुप्पट दाखवून द्यायच्या मागे असणार. आपली पोरं तिकडे जाऊन जपान्यांपेक्षा जास्त जपानी होतात कधी कधी.

पण हेही सांग त्याला की सगळ्यांनी करणं आता तिथल्या कायद्यातही बसत नाही. एप्रिल २०१९ पासून मोठ्या कंपन्यांना आणि २०२० पासून छोट्यांना मर्यादा आहे, महिन्याला ४५ तास आणि वर्षाला ३६० तास. खास कारण दाखवून वाढवता येतात, पण ४५ च्या वर जायचं ते वर्षातले सहाच महिने, आणि काही झालं तरी एका महिन्यात १०० च्या आतच राहायला लागतं, सुट्टीच्या दिवशी केलेलं कामही त्यात मोजून. कायदा मोडणाऱ्या कंपनीला शिक्षा आहे. मग शंभरच्या वरचं काम होतं कसं? कागदावर होतच नाही ना ते. देन्त्सु या जाहिरात कंपनीतली ताकाहाशी मात्सुरी, टोकियो विद्यापीठातून शिकून एप्रिल २०१५ मध्ये नोकरीला लागली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिने जीव दिला, २४ वर्षांची होती. तिच्या नावावर ऑक्टोबर महिन्यात लिहिलेला ओव्हरटाइम होता ६९.९ तास, कारण कंपनीत मर्यादा होती ७०. इमारतीच्या गेटच्या नोंदी काढून तपासलं तेव्हा कामगार खात्याने महिन्याला १०५ तास मान्य केले. ६९.९. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ तसाच बघत बसले होते, कारण तो दशांश तिने स्वतः भरलेला असणार, थकून, रात्री कधीतरी. कंपनीला नंतर कोर्टाने दंड केला, ५ लाख येन. तिची आई, जिने एकटीने तिला वाढवलं, ती अजून दर वर्षी डिसेंबरमध्ये त्याबद्दल बोलते.

तुझ्या भावाला विचार, तू फॉर्मवर जे तास भरतोस ते आणि खरे तास सारखे आहेत का. एवढ्या एका प्रश्नाने तुला अर्धं कळेल.

बाबांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते, त्यांना वाचून दाखव. त्याच कंपनीत ताकाहाशीच्या आधी ओशिमा इचिरो नावाचा मुलगा होता. एप्रिल १९९० मध्ये लागला, ऑगस्ट १९९१ मध्ये गेला, तोही २४ वर्षांचा, तोही जीव देऊन. रात्र-रात्र घरी यायचा नाही, आला तरी दोन तासांत परत निघायचा. आईबापांच्या घरातच राहत होता, ते रोज बघत होते, आई नाश्ता करून द्यायची, सुट्टी घे म्हणायची. आईबाप कोर्टात गेले. हायकोर्टाने कंपनीचा दोष मान्य केला पण भरपाई तीस टक्क्यांनी कापली, का, तर मुलाचा स्वभाव फार काटेकोर, सगळं मनाला लावून घेणारा होता, आणि घरच्यांनीही परिस्थिती सुधारायला काही केलं नाही. मार्च २००० मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कपात रद्द केली. म्हणाले मुलगा मन लावून काम करणारा होता हा काही त्याचा दोष नाही, माणसांचे स्वभाव वेगवेगळे असणारच, आणि नोकरी करणाऱ्या मोठ्या मुलाचं काम कमी करणं आईबापांच्या हातात नव्हतं, ते कंपनीच्या हातात होतं. कंपनीने शेवटी १६ कोटी ८० लाख येन दिले आणि तडजोड झाली.

मी हे दोन कारणांसाठी सांगतेय. एक, बाबा जे म्हणतात ना राबायचं वय, त्या वयाच्या, मनापासून राबणाऱ्या, हुशार, घरच्यांना जपणाऱ्या मुलांनाच हे होतं, आळशाला होत नाही. आणि दुसरं तुझ्यासाठी. उद्या देव न करो काही झालं तरी तो तुझा दोष नसेल, आणि आज तू 'परत ये' म्हणालीस आणि तो आला तर तेही पाप नसेल. पुण्यात २०२४ मध्ये २६ वर्षांची सीए झालेली मुलगी नोकरीला लागून चार महिन्यांत गेली आणि तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं, ते बाबांनी पेपरात वाचलं असेलच. जागतिक आरोग्य संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये आकडे काढले, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त, हृदयविकाराने मरायचा १७ टक्के जास्त, आणि २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार माणसं यामुळे गेली. तुझा भाऊ आठवड्याला सत्तरच्या वर चाललाय.

माझं सांगते थोडं. तिकडे तिसऱ्या वर्षी मी एका कारखान्याच्या प्रोजेक्टवर होते, दिवसा मीटिंगमध्ये दुभाषी आणि रात्री त्याच मीटिंगची कागदपत्रं भाषांतर करायची, शेवटची ट्रेन चुकली की ऑफिसातच खुर्च्या जोडून झोपायचं. आई दर रविवारी विचारायची कशी आहेस, मी म्हणायचे मस्त. एका रविवारी तिने वेगळंच विचारलं, काल काय जेवलीस? आणि मला आठवेना. म्हणजे खोटं बोलायलासुद्धा सुचेना, मी फोन धरून रडायला लागले आणि बराच वेळ रडतच राहिले. आई काही बोलली नाही, फोन ठेवू नकोस एवढंच म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरकडे गेले. कंपनीतून पुढे दोन महिने रजा मिळाली. मी जर आईला 'कशी आहेस' वर मस्त म्हणत राहिले असते तर काय झालं असतं ते मला आजही विचारवत नाही.

म्हणून तुला सांगते, कसा आहेस हे विचारायचंच सोडून दे. काल किती वाजता झोपलास विचार. आज दुपारी काय खाल्लंस विचार. शेवटची सुट्टी कधी घेतलीस, सुट्टीच्या दिवशी झोप लागते का, की झोपायला मिळालं तरी डोळे उघडेच राहतात. डोकं दुखतं का, नेहमीपेक्षा वेगळं, जोरात. छातीत जड होतं का, जिना चढताना धडधडतं का. हे असेल तर सुट्टी मिळेल तेव्हा बघू असं म्हणून अंगावर काढायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना, आणि अचानक जोरात छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ जड झाली तर ११९ ला फोन, तिकडे ॲम्ब्युलन्सला पैसे पडत नाहीत हे त्याला सांगून ठेव, आपली मुलं बिलाच्या भीतीने फोन करत नाहीत.

आणि बोलण्यात काही बदल वाटतोय का बघ. सतत सॉरी सॉरी म्हणतोय, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास म्हणतोय, गायब व्हावंसं वाटतं म्हणतोय, आवडीच्या गोष्टीचं नाव काढत नाहीये. असलं काही कानावर आलं तर घाबरून विषय बदलू नकोस. सरळ विचार, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का रे. विचारल्याने डोक्यात नवीन काही घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर फोन चालू ठेव आणि दुसऱ्या फोनवरून त्याच्या जवळ राहणाऱ्या कुणाला तरी तिथे पाठव, लगेच, रात्र असली तरी. टोकियोत टेल नावाची संस्था आहे, १९७३ पासून, इंग्रजीत फोनवर ऐकून घेतात, तो नंबर त्याच्या मोबाइलमध्ये आत्ताच टाकून ठेवायला सांग. तुझ्यासाठी इकडे टेली-मानस आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं, तूही किती दिवस झोपलेली नाहीस.

जवळ राहणाऱ्याचं म्हटलं ते आजच करून ठेव. त्याचा एक मित्र, एक रूममेट, एक शेजारी, कुणाचा तरी नंबर घे. टोकियोत निशी-कसाई भागात आपली भरपूर माणसं आहेत, मराठी मंडळ आहे, गणपती बसतो. तुझा भाऊ या गणपतीला इकडे नाही आला पण तिथल्या गणपतीला तरी गेला होता का, हे पण विचार. माणसांत जायचं सोडलंय का ते कळेल.

आता हप्त्याचं. मला वाटतं पत्रातली सगळ्यात जड गोष्ट ही आहे आणि तू ती एका ओळीत लिहिलीस. तुझा भाऊ नोकरी सोडू शकत नाही याला मेइवाकु हे कारण आहेच, पण सांगलीचा फ्लॅट हेही आहे. तो हे तुम्हाला कधीच बोलून दाखवणार नाही. म्हणून तुम्ही बोलायचं, आणि नुसतं 'पैशाची काळजी करू नकोस' असं नाही, त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आधी तू आणि बाबा बँकेत जाऊन या. मुदत वाढवून हप्ता किती कमी होतो विचारा. फ्लॅट भाड्याने देता येतो का बघा. तुमच्या दोघांच्या कमाईत किती महिने निघतात ते लिहून काढा. आणि मग त्याला आकडा सांगा, की बाळा तू सहा महिने एक पैसा नाही पाठवलास तरी इकडे चालतंय, हे बघ कसं. नाहीच जमलं तर फ्लॅट विकू. हे वाक्य बाबांच्या तोंडून जायला हवं. तुझ्या तोंडून गेलं तर तो म्हणेल ताई हळवी आहे.

परत ये म्हणू का, असं विचारलंस. लगेच नको म्हणू. परत ये किंवा तिथेच मर अशा दोनच वाटा नाहीत, आणि दमलेल्या माणसापुढे एवढा मोठा निर्णय टाकला तर तो आणखी दमतो. मधल्या वाटा आहेत, त्या त्याला माहीत नसतील कारण त्या शोधायलाही त्याला वेळ नाही.

पहिली म्हणजे डॉक्टर. शिनर्यो नाइका म्हणून क्लिनिक असतात, ताणाने शरीर-मनावर होणाऱ्या परिणामांसाठी. तिथे जाऊन खरे तास सांगायचे, खरी झोप सांगायची. डॉक्टरला वाटलं विश्रांती हवी तर ते शिनदानशो देतात, म्हणजे सर्टिफिकेट, अमुक इतके आठवडे कामावर जाऊ नये असं. तो कागद हातात आला की बोलणं बदलतं, कारण मग 'मला जमत नाहीये' असं त्याला म्हणावं लागत नाही, डॉक्टर म्हणतोय. त्यावर क्यूशोकु म्हणजे मोठी आजाराची रजा मागता येते, आणि कंपनीच्या आरोग्य विम्यात असेल तर तीन दिवसांनंतर पगाराच्या साधारण दोन तृतीयांश रक्कम मिळते, दीड वर्षापर्यंत. हे खूप जणांना माहीत नसतं. कंपनीत ५० किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीचा डॉक्टर असतो, सांग्योई, आणि महिन्याला ८० तासांच्या वर ओव्हरटाइम झाला नि थकवा असला तर कर्मचाऱ्याने मागितल्यावर त्या डॉक्टरशी भेट घालून देणं कंपनीवर बंधनकारक आहे.

दुसरं, नोंदी. आजपासून रोज, किती वाजता पोचला, किती वाजता निघाला, साध्या वहीत. कॉम्प्युटर चालू-बंद केल्याच्या वेळा, रात्री पाठवलेले मेल. आणि तू, तुझ्या व्हॉट्सॲपवर 'निघालो' म्हणून त्याचे मेसेज असतील ना, ते डिलीट करू नकोस, प्रत्येकावर वेळ आहे. ही वही घेऊन त्याला रोदो किजुन कान्तोकुशोमध्ये जाता येतं, लोक नुसतं रोकी म्हणतात, कामगार कायदा पाळला जातोय का बघणारं सरकारी ऑफिस. परदेशी लोकांसाठी फोनवर सल्ला मिळतो तो इंग्रजीत आणि अगदी नेपाळीतही मिळतो. तक्रार केली म्हणून कंपनीने त्रास द्यायला बंदी आहे.

तिसरं, सोडायचंच झालं तर. त्याचा करार कायम नोकरीचा असेल तर तिकडच्या कायद्याने दोन आठवडे आधी सांगून सोडता येते, कंपनी नाही म्हणाली तरी. ठरावीक मुदतीचा करार असेल तर थोडं वेगळं आहे, तरी आजारपण हे सोडायला कारण धरलं जातं. नोकरी सोडलीस तर इतका दंड भर असं करारात लिहिणं बेकायदा आहे, तसं काही त्याच्याकडून लिहून घेतलं असेल तर त्याला घाबरू नको म्हणावं. तोंडाने राजीनामा द्यायचं धाडस होत नाही म्हणून तिकडची स्वतःची पोरंसुद्धा हल्ली पैसे देऊन एजन्सीकडून राजीनामा पाठवतात, ताइशोकु दाइको म्हणतात त्याला. व्हिसा नोकरी सोडल्या दिवशी संपत नाही. १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं आणि दुसरी नोकरी शोधायची, तीन महिने काहीच न करता राहिला तर मात्र व्हिसा रद्द होऊ शकतो. आणि सोडायच्या आधी लागोपाठ तीन महिने ४५ तासांच्या वर किंवा एका महिन्यात १०० च्या वर ओव्हरटाइम झाल्याचं दाखवता आलं तर बेकारी भत्त्यासाठी त्याला स्वतःहून सोडलेल्यात धरत नाहीत, म्हणजे पैसे लवकर मिळतात. परत वहीच कामाला येते, बघ.

एन-टू झालेल्या आयटीवाल्या मुलाला तिकडे दुसरी नोकरी मिळते. सहाला दिवे मालवणाऱ्या कंपन्याही टोकियोत आहेत, माझे दोन विद्यार्थी अशा ठिकाणी आहेत आणि संध्याकाळी बॅडमिंटन खेळतात. सगळं जपान असं नाही. २०१४ मध्ये करोशी रोखायचा कायदा झाला तो कुणी वरून दिलेला नाही, ज्यांची माणसं गेली त्यांनी वर्षानुवर्षं फोटो हातात घेऊन, सह्या गोळा करून तो करायला लावला. क्योटोच्या एमिको तेरानिशी त्यांतल्या एक, त्यांचा नवरा सोबा नूडल्सच्या हॉटेलात मॅनेजर होता, १९९६ मध्ये गेला. नोव्हेंबर महिना तिकडे आता करोशी रोखण्यासाठी जागृतीचा महिना असतो. तुझ्या भावाला आज जे हक्क आहेत ते त्या बायकांनी मिळवून ठेवलेत, त्याने ते वापरले तर त्यात कुणाचा मेइवाकु नाही.

एक नको करूस, त्याच्या कंपनीला परस्पर फोन किंवा मेल. त्याच्या पाठीमागे काही केलं तर तो तुझ्यापासूनही लपवायला लागेल आणि मग दोर तुटतो. आणि आई किती रडते वगैरे सांगू नको, तो ओझ्यानेच वाकलाय.

या रविवारी सकाळी साडेसातला फोन करा, तिकडे अकरा वाजलेले असतील, निदान एक झोप झालेली असेल. त्याआधी शनिवारी सकाळी बँकेत जाऊन या, दुसरा-चौथा शनिवार नाही ना ते बघ. कागदावर तास मांडून ठेव, हप्त्याचा आकडा मांडून ठेव. आणि फोन बाबांनाच लावायला सांग. त्यांनी आधी विचारायचं, काल काय जेवलास रे.